वायर तुटली, हिटर बंद केला

इंगळे मॅडमचा मी सतरा वर्षं हेवा केला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत माझ्याऐवजी तिचं नाव आलं, तेव्हाच कळलं की निवृत्त झालो तरी हा आजार काही गेलेला नाही. बायकोला पान दाखवलं. ती म्हणाली, "लिहा, लिहा. आमी तं घरात रोजच आयकून राहिलो. आता लोकायले आयकू द्या."

आमचा कारखाना अमरावतीच्या एमआयडीसीत. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, मागे कडुनिंब आणि आत चाळीसेक माणसं. डाळ, लाकूड, फळं वाळवणाऱ्या यंत्रांचे कंट्रोलर आम्ही बनवायचो. कंट्रोलर म्हणजे भिंतीवर टांगायची पेटी. बाहेर पडदा आणि चार बटणं, आत एक छोटा मेंदू. हिटर कधी लावायचा, पंखा कधी फिरवायचा, सगळं कधी बंद करायचं हे तो मेंदू ठरवतो, आणि त्याने काय ठरवावं हे सी नावाच्या भाषेत लिहावं लागतं. ते लिहिणारा मी. अकोल्याहून आलो तेव्हा या कामाला कारखान्यात मी एकटाच होतो, आणि खरं सांगायचं तर ते मला फार आवडायचं.

सी ही जुनी भाषा, मोजकं बोलणारी आणि कोणाचे लाड न करणारी. तिच्यात काम लहान लहान तुकड्यांत वाटून दिलेलं असतं. त्या तुकड्याला फंक्शन म्हणतात. एक फंक्शन दुसऱ्याला पाठवतं, "जा, बोगद्यातलं तापमान घेऊन ये." ते जातं, आणि परत येताना हातावर एक आकडा ठेवतं. शून्य म्हणजे काम झालं. उणे एक म्हणजे नाही झालं. यशाला शून्य कसा, असं बाहेरची माणसं विचारतात. काम नीट व्हायची तऱ्हा एकच असते, बिघडायच्या तऱ्हा मात्र ढीगभर, म्हणून बाकीचे आकडे बिघाडांसाठी राखून ठेवलेले. मला हा परतीचा आकडा जिवापाड प्रिय. तो न पाहता पुढे जाणाऱ्या प्रोग्रामरला मी माणसात धरत नसे. आलेला आकडा मी कधी टाकून दिला नाही. तपासायचा, नाहीतर वरच्याच्या हातावर ठेवायचा, हा माझा नेम.

दुर्दैव असं की हा आकडा बाहेर कोणालाच दिसत नाही. माणसाला वाक्य लागतं, आणि वाक्यांशी माझं कधी जमलं नाही. जुन्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडेच उमटायचे. मी बिघाडांना नंबर दिले होते आणि कोणता नंबर म्हणजे काय, याचा एक लॅमिनेट केलेला तक्ता प्रत्येक पेटीसोबत पाठवायचो. अकोल्याच्या एका दालमिलमध्ये गेलो तर त्या तक्त्यावर चहाचे कप ठेवलेले. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मशीन चार दिवसापासून चौदा दाखवून राहिली. मी म्हटलं थंडी हाय, असंन चौदा डिग्री." चौदा म्हणजे पंख्याचा पट्टा तुटला. चार दिवस पंख्याविना डाळ वाळत होती आणि हा गडी स्वेटर घालून बसला होता.

मग इंगळे मॅडम आली. मीनाक्षी इंगळे, बार्शीटाकळीची, शिक्षण अकोल्यात. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याच सुमारास मराठी अक्षरं दाखवणारे मोठे पडदे आले होते. मालकांनी, म्हणजे मनोहररावांनी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, तिला बिघाडाची वाक्यं लिहायचं काम दिलं. मला वाटलं, बरं झालं, किरकोळ काम गेलं. ही बाई काय करते? वही घेऊन महिनाभर अकोल्याच्या दालमिला, परतवाड्याच्या लाकडाच्या भट्ट्या, वरूडची संत्र्याची पॅकिंग हाऊस फिरली. ऑपरेटरजवळ उभी राहायची आणि विचारायची, "भाऊ, हे बिघडलं तं तुमी काय म्हनता?" तो म्हणेल ते लिहून घ्यायची. परत आली तेव्हा वहीत दीडशे वाक्यं होती.

‘पंखा फिरून नाही राहिला. पट्टा पाहा. हिटर बंद केला.’ असली ती वाक्यं. आधी काय झालं, मग तुम्ही काय पाहायचं, शेवटी मशिननं स्वतः काय केलं. कधी नुसतंच, ‘झाकण लावा ना भाऊ.’ लोक खूश. परतवाड्याच्या एका भट्टीवाल्याने तर झाकण मुद्दाम उघडं टाकून आपल्या सासऱ्याला ते वाक्य वाचून दाखवलं होतं. कारखान्यात फोन यायचे आणि माझा आवाज ऐकला की समोरचा म्हणायचा, "मॅडमले द्या न जरा." अठ्ठावीस यंत्रांचा सगळा मेंदू मी लिहिलेला. पण बोलत होती ती.

एवढ्यावर थांबती तर मी सहनही केलं असतं. पण तिनं माझ्या अंगणात पाय टाकला. आमच्या प्रोग्राममध्ये बिघाड झाला की दोन ओळी लिहाव्या लागत. एका ओळीत पडद्यावर वाक्य छापायचं, दुसरीत उणे एक घेऊन परतायचं. नवी पोरं पहिली लिहायची आणि दुसरी विसरायची. म्हणजे बिघाड जाहीर व्हायचा आणि काम तसंच पुढे. मी वर्षानुवर्षं ओरडत होतो, तक्रार करत होतो. मॅडमनं एक फंक्शन लिहिलं, नाव ठेवलं ओरड. ते वाक्य छापायचं आणि स्वतः नेहमी उणे एकच परत द्यायचं. आता कोणीही एकाच ओळीत लिहावं, ‘ओरडून परत ये’. विसरायला दुसरी ओळच उरली नाही. ती एक ओळ मी एका पोराच्या फायलीत पाहिली. इतकं साधं, आणि मला सुचलं नाही. हे माझं क्षेत्र होतं हो, वाक्याचं नव्हे, आकड्याचं.

त्या दसऱ्याला शेडमध्ये यंत्रांची पूजा झाली. काकांनी नव्या पेटीला हळदकुंकू लावायला मॅडमला बोलावलं. तिनं बटण दाबलं तर पडद्यावर आलं, ‘पूजा झाली. आता कामाले लागा.’ चाळीस माणसं हसली, टाळ्या पिटल्या. मी मागे पेढ्याचा खोका धरून उभा होतो. मीही हसलो, पण ते हसू जबड्यात दुखत होतं.

त्यानंतर मी एक खुळेपणा केला. तिचं ओरड वापरायचं नाही असं ठरवलं. माझ्या फायलींसाठी वेगळं फंक्शन लिहिलं, नाव दिलं सूचना. वापरायची रीत हुबेहूब तिची, एका ओळीत छापा आणि परत या. पण आत तिनं कसं लिहिलं आहे हे उघडून पाहिलं नाही. पाहायला एक क्षण लागला असता, पण त्या क्षणापुरतं मला तिच्याकडून शिकावं लागलं असतं. माझ्या फंक्शनमध्ये मी पडद्यावर छापणाऱ्या फंक्शनला बोलावलं, आणि त्यानं दिलेला आकडा माझ्या नेमाप्रमाणे टाकून न देता जसाच्या तसा पुढे दिला. छापणारं फंक्शन काय देतं? छापलेल्या अक्षरांची संख्या. तीस अक्षरं छापली तर तीस. आणि वर बसलेला विचारतो, आकडा उणे आहे का? नाही. मग सगळं ठीक आहे, चला पुढे. मी इमानदारीने आकडा पोचवत होतो, पण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर होता.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढची आहे. वाक्यंही मी तिच्यासारखीच लिहिली. माझं स्वतःचं मराठी पुस्तकी. पण फोनवर कोणीतरी एकदा माझ्याही वाक्याचं कौतुक करावं म्हणून तिची धाटणी उचलली. वरूडच्या संत्र्याच्या यंत्रासाठी लिहिलं, ‘वायर तुटली. हिटर बंद केला.’ कारखान्यात वायर उपटून पाहिली. तिथे हिटरच्या जागी आम्ही एक बल्ब लावतो, तो टेबलाखाली असतो. पडद्यावर माझं वाक्य झळकलं, मी ते तीनदा वाचलं, मला फार आवडलं. खाली वाकून बल्ब विझला का ते पाहिलं नाही.

वरूडला प्रभाकररावांचं पॅकिंग हाऊस आहे. संत्री धुतात, ब्रशवरून फिरवतात, मेण चढवतात, आणि मेण सुकायला गरम हवेच्या बोगद्यातून काढतात. त्या बोगद्यावर आमची पेटी. ऑपरेटर रशीदभाई, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. आंबिया बहराची संत्री ऐन जोरात असताना एका खारीनं तापमानाची वायर कुरतडली. पेटीला तापमान कळेना. पडदा म्हणाला, वायर तुटली, हिटर बंद केला. आणि हिटर भडकतच राहिला, कारण हिटर बंद करायचा की नाही हे ठरवणाऱ्या वरच्या फंक्शनला माझ्या सूचनेनं उणे एकऐवजी अक्षरांचा आकडा दिला होता, म्हणजे सगळं ठीक आहे.

रशीदभाईंनी वाक्य वाचलं. संत्री वाहून नेणारा पट्टा थांबवला. आत काही संत्री अडकलेली दिसली, ती काढायला झाकण उचललं आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

दुसऱ्या दिवशी काका, मॅडम आणि मी व्हॅनने वरूडला गेलो. शेडमध्ये करपलेल्या सालीचा वास भरला होता, दिल्लीला जायचे क्रेट बाजूला फेकलेले. प्रभाकरराव सरळ मॅडमसमोर आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, कारण बोलणारी पेटी म्हणजे मॅडम हे सगळ्या वरूडला माहीत.

"मॅडम, बिघाड झाला तं झाला. मशीन हाय, बिघडन. पण खोटं काहून बोलली ते? बंद केला म्हणे. कुठी केला बंद?"

रशीदभाई खुर्चीवर बसले होते, हाताला बोटांपासून कोपरापर्यंत पट्टी. ते ओरडले नाहीत, आणि तेच जड गेलं. म्हणाले, "म्याडम, इतक्या वर्षात तुमचं लिहिलेलं कधी खोटं निंगालं नाई. तुमी लिहिलं बंद केला, मंग मले कायचं भेव? टाकला हात."

आता जे लिहितो ते लिहायला फार वेळ घेतला आहे. त्या पट्टीकडे पाहताना मला अपराधी वाटलं, वाटलंच. पण त्याच्याही आधी, अर्धा क्षण आधी, मला तिचा हेवा वाटला. तिच्या वाक्यावर विसंबून माणूस आगीत हात घालतो. माझ्या आकड्यावर विसंबून कोणी कधी बोटही पुढे केलं नव्हतं.

मॅडमनं लॅपटॉप उघडला, पेटीला जोडला आणि खाली मान घालून शोधू लागली. दहा मिनिटांत तिचं बोट एका ओळीवर थांबलं. प्रत्येक ओळ कोणी लिहिली याचं नाव आमच्या कॉम्प्युटरवर ओळीसमोरच दिसतं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहू लागलो. मग ती उठली आणि प्रभाकररावांना म्हणाली, "चूक माझ्याकडून राहिली. आता दुरुस्त करून देते, आन् वायर उपटून, हिटर इझलेला तुमाले दाखवते." रशीदभाईंजवळ जाऊन ती काहीतरी हळू बोलली. ते मला ऐकू आलं नाही. रशीदभाईंनी चांगल्या हातानं तिला पाणी दिलं.

येताना मोर्शीला चहाला थांबलो. काका फोनवर बोलत दूर गेले. मी म्हटलं, "मॅडम, ते ओळ..."

"तुमची हाय. पाहिलं मी."

"मग तिथंच काहून नाही सांगतलं?"

ती बशीत चहा ओतत म्हणाली, "मशीन पाठवायच्या आधी सगळ्यायच्या फायली तपासाचं काम माझं होतं, विलासभाऊ. सही माझी हाय. सगळ्यायच्या उघडल्या, तुमची नाई उघडली. म्हटलं, विलासभाऊचा परतीचा आकडा काय तपासाचा? आकडे पाहाले तं मी तुमच्याच फायली वाचून शिकली. ओरडसुद्धा तिथूनच सुचलं. तुमी दरवेळेस दोन ओळी लिहाचे, एकदाबी चुकले नाई. मले तेवढं जमणार नाई असं वाटलं, म्हणून एक केली."

इतकी वर्षं माझं काम कोणाला दिसत नाही म्हणून मी जळत होतो, आणि ते ओळीओळीने वाचणारं एक माणूस समोरच्या टेबलावर बसलेलं होतं. मी तिच्याकडे मान वर करून पाहिलं असतं तर मलाही ते दिसलं असतं.

रात्र कशीबशी काढली आणि सकाळी काकांच्या खोलीत गेलो. उभ्यानेच सांगितलं, "काका, वरूडची ओळ माझी होती. मॅडमची नाही."

काकांनी चष्मा काढला. "बस. मॅडमनं कालच सांगतलं मले, चूक तिची होती म्हणून. आन् आता तू येऊन सांगून राहिला, तुझी होती म्हणून." ते उठले, टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आले. "विलास, मी तुले ओळखलंच नाई गड्या. मले तं वाटे, तू तिच्यावर जळत असशील."

"काका, खरंच माझी होती. कॉम्प्युटरवर नाव आहे, दाखवतो."

"राहू दे. एकमेकाले असे सांभाळून घेता, मले अजून काय पाहिजे?" आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

कॉम्प्युटर तिथून चार पावलांवर होता. दोन बटणं दाबली असती तर नाव समोर आलं असतं. एवढ्या वर्षांत काकांनी माझ्या पाठीवर मारलेली ती पहिली थाप होती, आणि ती मी घेतली. एकदा सांगितलं, पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा नाही सांगितलं.

त्यानंतर काकांनी नियम केला की मॅडमची सगळी वाक्यं बाहेर जाण्याआधी विलासच्या नजरेखालून जातील. जिच्या वाक्यांनी चाळीस घरं चालत होती ती हातात कागद घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहायची, आणि मी पेन फिरवून सही करायचो. कधी उगाच एखादा शब्दही बदलायचो. तिनं एकदाही विचारलं नाही, काहून बदलला. दोन वर्षं तिनं हे सोसलं, मग अकोल्याला जाऊन दालमिलच्या यंत्रांचं स्वतःचं काम सुरू केलं. वरूडचे, परतवाड्याचे लोक आता तिच्याकडून पेट्या घेतात. रशीदभाईंचा हात बरा झाला, कातडी मात्र फिकट राहिली. ते आता वाक्य वाचतात, मेन स्विच खाली ओढतात, आणि मगच झाकणाला हात लावतात.

मार्चमध्ये मी निवृत्त झालो. शेडमध्ये निरोप समारंभ झाला, मॅडम अकोल्याहून मुद्दाम आली, पहिल्या रांगेत बसली. काका बोलायला उभे राहिले. माझे प्रोग्राम, माझी शिस्त हे दोन वाक्यांत उरकून ते म्हणाले, "पण या माणसाचं मोठेपण तुमाले माहीत नाई. वरूडले एकदा मोठी चूक झाली होती. चूक कोणाची होती ते मी आज सांगत नाई. पण हा माणूस दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आला आन् म्हणाला, काका, ते माझी होती."

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. मॅडमनं टाळी वाजवली. सगळ्यांत आधी तिनंच वाजवली, मोकळ्या मनानं, माझ्याकडे पाहत. मग चाळीस माणसं वाजवू लागली.

मी उठलो, सगळ्यांचे आभार मानले, आणि खाली बसलो.